हरलेल्यांचा काळा झेंडा

डोळ्यावर काळी पट्टी, छातीवर कवटी आणि सरकारदरबारी नाव गुन्हेगारांच्या यादीत! तरीही देशोदेशीच्या मुलांनी या अंतराळातल्या चाच्याला आपलं मानलं. १९८२ सालच्या एका जपानी ॲनिमेशनपटाची आणि त्यामागच्या बाप-लेकाची ही कहाणी.

जपानच्या दक्षिणेला क्युशू नावाचं मोठं बेट आहे. बेटाच्या उत्तर टोकाला किताक्युशू हे शहर आणि त्या शहरात कोकुरा नावाचं रेल्वे स्टेशन. बुलेट ट्रेनच्या बाजूनं स्टेशनाबाहेर पडलं, की एक पुतळा प्रवाशांचं स्वागत करतो. अंगावर लांब झगा, एका डोळ्यावर पट्टी, गालावरून गेलेला व्रण आणि छातीवर कवटी. हा पुतळा ना कुठल्या राजाचा, ना सेनापतीचा. हा आहे कॅप्टन हार्लॉक. धंदा : चाचेगिरी. मुक्काम : अंतराळ.

एखाद्या शहरानं आपल्या स्टेशनाबाहेर चाच्याचा पुतळा उभारावा, आणि तोही कार्टूनमधल्या, याचं कुणालाही नवल वाटेल. पण कोकुराला हा माणूस परका नाही. त्याला जन्म देणारे चित्रकार लेजी मात्सुमोतो याच गावात वाढले. आणि हे गाव मुळात शिल्लक राहिलं कसं, तेच ऐकताना अंगावर काटा येतो.

९ ऑगस्ट १९४५. हिरोशिमावर अणुबॉम्ब पडून तीन दिवस झाले होते. दुसरा बॉम्ब घेऊन निघालेल्या अमेरिकी विमानाचं पहिलं लक्ष्य होतं कोकुरा, कारण तिथे शस्त्रास्त्रांचा मोठा कारखाना होता. विमानानं शहरावर तीन फेऱ्या मारल्या. पण ढग आणि धूर यांच्या पडद्यातून खालचं काही दिसेना. इंधन कमी होत चाललं होतं. शेवटी विमान वळलं आणि बॉम्ब पडला तो नागासाकीवर. पुढच्या सहा दिवसांत जपाननं शरणागती जाहीर केली.

त्या दिवशी मात्सुमोतो अवघे सात वर्षांचे होते. काही वर्षांनी त्यांचं कुटुंब याच कोकुरात राहायला आलं. केवळ नशिबानं उभ्या राहिलेल्या आणि आता परक्या सैनिकांनी भरलेल्या या शहरात त्यांचं उरलेलं बालपण गेलं. पुढे त्यांनी जो अंतराळातला चाचा रंगवला, त्याचं मूळ या दिवसांत आहे.

विमान सोडलं, ते कायमचं

मात्सुमोतो यांचं खरं नाव अकिरा. जन्म २५ जानेवारी १९३८चा, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावातला. वडील जपानी लष्करात वैमानिक होते, हुद्दा मेजरचा. घरात विमानांच्या गोष्टी, डोळ्यांसमोर विमानं. पोराच्या वहीतही विमानंच उमटली नसती तरच नवल!

युद्ध संपलं आणि हे जग एका दिवसात कोसळलं. १९४५ ते १९५२ या काळात जपानवर दोस्त राष्ट्रांच्या, म्हणजे प्रामुख्यानं अमेरिकेच्या, फौजांचा ताबा होता. रस्त्यांवर परक्यांच्या जीपगाड्या आणि घराघरांत उपासमार. कालपर्यंत ज्यांचा शब्द झेलला जात होता, ते अधिकारी रस्त्यावर आले. पुढे १९५४ साली जपानचं नवं हवाई संरक्षण दल उभं राहिलं, तेव्हा जुन्या वैमानिकांपैकी अनेकांना पुन्हा चांगली नोकरी मिळण्याची वाट मोकळी झाली.

मात्सुमोतो यांच्या वडिलांनी मात्र त्या वाटेला जायचं नाकारलं. ज्यांच्याशी लढलो, त्यांच्याच विमानात बसायचं त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी लाकडाचा कोळसा पाडला, फिरून भाजी विकली. रेल्वे रुळांच्या कडेला एका झोपडीवजा घरात हे कुटुंब राहत होतं. पुढे नाव झाल्यावरही मात्सुमोतो यांनी हे दिवस कधी लपवले नाहीत. वडिलांची आठवण ते अभिमानानंच सांगत.

मुलाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. एकीकडे पोटात भूक आणि दुसरीकडे डोळ्यांसमोर असा बाप, ज्यानं सोपी वाट नाकारली आहे. अशा मुलाला बापाचा राग यावा की अभिमान वाटावा? कोकुराच्या या मुलाला अभिमान वाटला आणि तो त्यानं आयुष्यभर कागदावर उतरवला.

१९५४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांची पहिली चित्रकथा एका मासिकात छापून आली. नायक होती एक मधमाशी! शाळा संपल्यावर ते टोकियोला गेले. छोट्याशा भाड्याच्या खोलीत, कधी खाऊन तर कधी न खाता, त्यांनी चित्रं काढली. लेजी हे टोपणनाव त्यांनी पुढे घेतलं. पत्नीही याच क्षेत्रातली मिळाली. मियाको माकी या मुलींसाठीच्या चित्रकथांमधलं मोठं नाव. एकाच घरात दोन चित्रकार, दोघांचीही शाईची दौत कायम उघडी!

झेंडा फडकतो, पण वारा कुठाय?

१९७४ साली जपानी टीव्हीवर 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही मालिका आली. दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जपानची खरीखुरी युद्धनौका यामातो, तिचंच रूपांतर अंतराळयानात करून माणसं पृथ्वी वाचवायला निघतात, अशी ही कल्पना. मात्सुमोतो या मालिकेचे एक प्रमुख शिल्पकार होते. तिच्यातल्या वृद्ध कप्तानाला त्यांनी आपल्या वडिलांचा चेहरामोहरा दिला.

१९७७ साली त्यांच्या चित्रकथेत कॅप्टन हार्लॉक आपल्या जहाजासह अवतरला. १९७८ साली त्याची ४२ भागांची टीव्ही मालिका झाली. कथेचा काळ इसवी सन २९७७. पृथ्वीवर यंत्रं सगळी कामं करतात. माणसं सुखासीन झाली आहेत, करमणुकीत बुडाली आहेत. परग्रहावरची सेना चाल करून येते आहे, पण सत्ताधाऱ्यांना त्याची पर्वा नाही. अशा वेळी सरकारनं चाचा ठरवलेला हार्लॉक आपल्या चाळीस साथीदारांसह त्याच पृथ्वीच्या रक्षणासाठी लढतो, जी त्याला आपला मानत नाही.

त्याच्या 'अर्केडिया' या जहाजाचं रूप मोठं मजेशीर आहे. पुढचा भाग अंतराळयानाचा, तर मागचा भाग थेट जुन्या शिडाच्या गलबताचा! नक्षीदार खिडक्या, लाकडी सुकाणू आणि यंत्रांच्या जागी गोल गोल काटेवाल्या तबकड्यांची गर्दी. अशा तबकड्या ही तर मात्सुमोतो यांची सहीच म्हणायची. आणि या सगळ्यावर कवटीचा काळा झेंडा. अंतराळात हवा नाही, मग वारा कुठून येणार? तरीही हा झेंडा फडकत असतो. विज्ञानाच्या मास्तरांनी कपाळावर हात मारावा! पण पाहणाऱ्या मुलांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती. त्यांना तो झेंडा फडकायलाच हवा होता.

हरलेल्या पृथ्वीवर परत

मालिका गाजली, पण एक प्रश्न उरला होता. हा माणूस चाचा झाला तरी कसा? त्याचा डोळा कुणी घेतला? त्याचं जहाज कुणी बांधलं? या प्रश्नांची उत्तरं द्यायला २८ जुलै १९८२ रोजी जपानमध्ये तोएई कंपनीचा चित्रपट झळकला. नाव होतं 'माझ्या तारुण्यातलं अर्केडिया'. दिग्दर्शक तोमोहारू कात्सुमाता आणि लांबी तब्बल १३० मिनिटं. कार्टूनपट म्हणजे तास-सव्वा तासाचा खेळ, अशी समजूत असणाऱ्यांना हा धक्काच होता.

चित्रपट सुरू होतो तो अंतराळात नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात. हार्लॉकचा एक पूर्वज आपलं छोटं विमान घेऊन न्यू गिनी बेटावरची ओवेन स्टॅनलीची उंच डोंगररांग ओलांडायला निघाला आहे. विमानाचं नाव अर्केडिया. ढगांत त्याला डोंगरावरची चेटकीण हसताना दिसते. विमान वर चढत नाही. तो वजन कमी करत करत शिखराशी झुंजत राहतो. या पूर्वजाला आवाज दिला होता युजिरो इशिहारा यांनी. जपानी पडद्यावरचा हा त्या काळचा फार मोठा नट. त्या एका आवाजानं थिएटरातली मोठी माणसंही सावरून बसली असतील!

मग कथा दूरच्या भविष्यात जाते. इल्युमिदास नावाच्या परग्रहवासीयांनी पृथ्वी जिंकली आहे. युद्ध संपलंय आणि तरुण कप्तान हार्लॉक पराभूत माणसांना घेऊन घरी परततो आहे. त्याला दिसतात उद्ध्वस्त इमारती, भुकेली माणसं, रस्त्यांवर परके सैनिक. पृथ्वीचा कारभार आता ट्रायटर नावाचा पृथ्वीवरचाच माणूस पाहतो आणि जेत्यांची मर्जी सांभाळणं हेच त्याचं राजकारण. जेते हार्लॉकला नोकरी देऊ करतात. चांगला वैमानिक कुणाला नको असतो? हार्लॉक नकार देतो.

इथे कोकुराच्या रुळांलगतचं ते घर आठवल्याशिवाय राहत नाही. काळ बदललाय, शत्रू बदललाय, विमानाच्या जागी अंतराळयान आलंय. पण नोकरी नाकारून ताठ मानेनं रस्त्यावर उभा असलेला वैमानिक तोच आहे.

ठेंगू मित्राचं तळघर

अशा वेळी त्याला भेटतो तोचिरो ओयामा. ठेंगणा, चष्मेवाला, अजागळ. पण डोकं असं, की हात लावेल ते यंत्र चालायला लागावं. मात्सुमोतो यांनी स्वतःचंच चित्र तोचिरोच्या रूपात काढलं, असं चाहते मानतात. देखणा, उंच हार्लॉक म्हणजे लेखकाचं स्वप्न आणि ठेंगणा तोचिरो म्हणजे आरशातला लेखक!

दोघांना एका यंत्राच्या साहाय्यानं पूर्वजांच्या आठवणी दिसतात. दुसऱ्या महायुद्धात एक हार्लॉक जर्मन हवाई दलात लढाऊ विमान चालवत होता आणि तोचिरोचा पूर्वज जर्मनीत काम करणारा जपानी तंत्रज्ञ होता. युद्ध हरत आलेलं असताना जर्मन वैमानिक आपल्या जपानी मित्राला स्वित्झर्लंडच्या हद्दीत सुखरूप पोहोचवतो आणि स्वतः मागे राहतो. विमानातलं नेम धरायचं यंत्र मात्र आठवण म्हणून मित्राला देतो. ही कथा मात्सुमोतो यांनी आधी १९७०च्या दशकातल्या आपल्या युद्धविषयक चित्रकथांत रंगवली होती. चित्रपटाचं नावही तिथूनच आलं.

चित्रपटातला हा भाग सुंदर आहे आणि खटकणाराही. मैत्री खरी, त्यागही खरा. पण ते विमान ज्या राजवटीसाठी उडत होतं, तिच्या अत्याचारांबद्दल चित्रपट जवळजवळ गप्प राहतो. हरलेल्या सैनिकाचं दुःख सांगताना, तो कशासाठी लढत होता हा प्रश्न बाजूला पडतो. आज हा चित्रपट मुलांबरोबर पाहणाऱ्या आईवडिलांनी इथे थोडं थांबून दोन शब्द सांगायला हवेत. स्वाभिमान आणि चुकीच्या बाजूनं दाखवलेलं शौर्य यांतला फरक चित्रपट सांगत नसेल, तर तो घरात सांगावा लागतो.

पुन्हा भविष्यात येऊ. तोचिरोनं कुणाला कळू न देता जमिनीखाली एक जहाज बांधून ठेवलं आहे. त्याचं नाव अर्थातच अर्केडिया. हिरव्या रंगाचं, पुढच्या तोंडावर भली मोठी कवटी असलेलं. मित्रानं मित्राच्या हाती दिलेलं जहाज! हार्लॉकच्या हाती सुकाणू येतं ते असं.

दोन बायका, दोन व्रण

चाच्यांच्या गोष्टी म्हणजे पुरुषांचा मामला, असं मानण्याचं कारण नाही. या चित्रपटातली माया ही हार्लॉकची प्रेयसी. तिच्या हाती ना बंदूक, ना जहाज. तिच्याजवळ आहे एक चोरटं रेडिओ केंद्र. रोज वेगळ्या जागेवरून ती हरलेल्या लोकांशी बोलते, त्यांना धीर देते. शत्रूला हार्लॉकच्या तोफांइतकीच तिच्या आवाजाची भीती वाटते. सैनिक तिला शोधत फिरतात.

दुसरी एमेराल्डस. आपल्या स्वतःच्या जहाजाची मालकीण, अंतराळात मुक्त व्यापार करणारी. जेत्यांनी तिला हात लावू नये, इतका तिचा दरारा. पण हरलेल्यांच्या बाजूनं उभं राहायचं ठरवल्यावर त्याची किंमत तिलाही मोजावी लागते. तिच्या देखण्या चेहऱ्यावर एक लांब व्रण उमटतो. मात्सुमोतो यांच्या कथांमध्ये एमेराल्डस जिथे भेटते, तिथे तो व्रण चेहऱ्यावर असतोच. ती तो झाकत नाही.

हार्लॉकही या लढ्यात आपला एक डोळा गमावतो. माया तर जीवच गमावते. जेत्यांच्या टाचेखालचा तोकार्गा नावाचा एक ग्रह नष्ट होणार हे कळल्यावर अर्केडिया धावून जाते, पण मदत वेळेवर पोहोचत नाही. बालप्रेक्षकांना सुखान्ताची सवय असते. इथे तसं होत नाही. नायक येतो आणि तरीही सगळं वाचत नाही, हे चित्रपट मुलांपासून लपवत नाही.

शत्रूतही एक माणूस आहे. इल्युमिदासांचा सेनापती झेडा. तो कर्तव्य म्हणून लढतो, पण समोरच्याचा मान ठेवून. अखेरीस दोन जहाजांचा समोरासमोर सामना होतो. झेडा पडतो, तेव्हा हार्लॉकच्या मनात विजयाचा उन्माद नसतो. उलट ज्या ट्रायटरनं पृथ्वीवरच्या खुर्चीवर बसून हे सगळं पाहिलं, तोच हार्लॉकला पृथ्वीवरून कायमचं हद्दपार करतो.

आणि तेव्हा काळा झेंडा चढतो. इथे चित्रपटाचं मर्म आहे. या झेंड्याखाली हार्लॉक लूट करायला निघालेला नाही. त्याच्या देशाचा झेंडा आता परक्यांच्या परवानगीनं फडकतो आणि परवानगीचा झेंडा त्याला नको आहे. तेव्हा त्यानं असा झेंडा उचलला, जो कुणी कुणाला देऊ शकत नाही. कायद्याच्या भाषेत याला चाचेगिरी म्हणतात. कायदा कुणी लिहिला, हा प्रश्न चित्रपट प्रेक्षकांवर सोपवतो.

पावणेदोन लाख चौकटी

हे सारं घडलं ते हातानं काढलेल्या चित्रांतून. १९८२ साली संगणकावर असा चित्रपट करण्याची सोय नव्हती. कलाकार पात्रांची चित्रं पारदर्शक सेल्युलॉइडच्या पानांवर उतरवत, मागच्या बाजूनं रंग भरत, मग ते पान रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्यानं टिपत. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी लागतात. १३० मिनिटांचा हिशेब मांडला, तर १,८७,२०० चौकटी होतात! श्रम आणि खर्च वाचवण्यासाठी एकच चित्र दोन-तीन चौकटींपुरतं वापरायची पद्धत जपानमध्ये रुळलेली होती. तरीही चित्रांची संख्या हजारोंच्या घरात जाते.

तोएईला या कामाचा अनुभव होता. कंपनीचा ॲनिमेशन विभाग १९५६ साली सुरू झाला आणि १९५८ साली त्यांनी जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट पडद्यावर आणला. ॲनिमेशन फक्त चिमुरड्यांसाठी असतं, हा समज जपाननं फार लवकर मोडून काढला. आपल्याकडेही जपानी ॲनिमेशन काही अगदीच अनोळखी नाही. १९९०च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्या मोगलीनं घराघरातल्या मुलांना टीव्हीसमोर खिळवून ठेवलं, ती मालिकाही जपानमध्येच तयार झाली होती!

फ्रान्समध्ये झालं बारसं

हार्लॉकची कीर्ती जपानबाहेर पोहोचली ती मालिकेमुळे. १९७९ साली ती इटलीत गेली आणि जानेवारी १९८०मध्ये फ्रान्सच्या टीव्हीवर सुरू झाली. पण फ्रेंच लोकांपुढे एक अडचण होती. टिनटिनच्या चित्रकथांमुळे कॅप्टन हॅडॉक तिथे घरोघरी ठाऊक. मग हॅडॉक आणि हार्लॉक यांची गफलत व्हायची! म्हणून या चाच्याचं नवं बारसं करण्यात आलं. फ्रान्समध्ये तो झाला अल्बाटोर.

मुलं वेडी झाली, तर आईवडील चिंतेत पडले. डोळ्यावर पट्टी, कवटीचा झेंडा, सतत चाललेली लढाई आणि मृत्यू. हे मुलांनी पाहायचं? जपानी कार्टूनांवर फ्रान्समध्ये बरीच वर्षं टीका होत राहिली. १९८९ साली सेगोलेन रोयाल या नेत्या महिलेनं तर मुलांच्या टीव्ही पाहण्यावर टीकेची झोड उठवणारं पुस्तकच लिहिलं आणि त्यात जपानी कार्टूनांनाही धारेवर धरलं.

पण काळ मोठा गमतीशीर असतो. लहानपणी अल्बाटोर पाहिलेली दोन फ्रेंच मुलं मोठी होऊन 'डाफ्ट पंक' या नावानं जगप्रसिद्ध संगीतकार झाली. आपल्या गाण्यांवर चित्रपट करायचं ठरवलं, तेव्हा ते थेट मात्सुमोतो यांच्या दारी गेले. त्यातून २००३ साली 'इंटरस्टेला ५५५५' हा ॲनिमेशनपट तयार झाला. आणि २०१२ साली फ्रान्स सरकारनं मात्सुमोतो यांना कला आणि साहित्याचा मानाचा किताब दिला. ज्या देशानं चाच्याचं नाव बदललं, त्यानंच चाच्याच्या बापाचा सत्कार केला!

अमेरिकेत मात्र 'माझ्या तारुण्यातलं अर्केडिया'च्या वाट्याला कात्री आली. १९८०च्या दशकात तिथे व्हिडिओ कॅसेटवर त्याची जी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिचं नाव होतं 'अंतराळचाच्याचा सूड' अशा अर्थाचं आणि मूळ चित्रपटाचा मोठा भाग तिच्यातून गायब होता. पराभवाची गोष्ट सुडाची करून विकली, की असं होतं.

जुना झगा, नवा प्रश्न

२०१३ साली हार्लॉक पुन्हा मोठ्या पडद्यावर आला. या वेळी चित्रं संगणकावर तयार झाली होती. दिग्दर्शक होते शिन्जी अरामाकी. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेबाहेर दाखवला गेला.

त्याची कथा मूळ कथेहून वेगळी आहे. माणसं अंतराळभर पसरून ५०० अब्ज झाली आहेत आणि सगळ्यांना पृथ्वीवर परतायचंय. त्यावरून युद्ध होतं. अखेर राज्यकर्ते पृथ्वीला पवित्र ठरवतात. तिथे कुणीही पाऊल ठेवायचं नाही, दुरूनच पाहायचं. शंभर वर्षं मृत्यू न आलेला हार्लॉक या राजवटीविरुद्ध लढतो आहे. त्याला मारायला यामा नावाचा तरुण हेर त्याच्याच जहाजावर पाठवला जातो.

मग कळतं, की दुरून दिसणारी ती निळी-हिरवी पृथ्वी हा नुसता प्रकाशाचा देखावा आहे. खाली आहे राखाडी, मेलेली जमीन. आणि तिला मारणारा दुसरा तिसरा कुणी नसून हार्लॉकच आहे. फसवणुकीच्या संतापात त्यानं जी शक्ती मोकळी सोडली, तिनं पृथ्वीच जाळली.

१९८२च्या हार्लॉकला अन्याय झाला होता. २०१३च्या हार्लॉकच्या हातून अन्याय घडला आहे. पहिला विचारतो, हरल्यावर मान ताठ कशी ठेवायची? दुसरा विचारतो, चूक आपलीच असेल तर मान वर कशी करायची? तीस वर्षांत एकाच चाच्याचा प्रश्न एवढा बदलला. अखेरीस मेलेल्या जमिनीत उगवलेलं एक फूल मात्र यामाला सापडतं आणि हार्लॉकची जागा घेऊन तो पुढे निघतो.

मुलानं विचारलं तर?

लेजी मात्सुमोतो यांचं १३ फेब्रुवारी २०२३ रोजी टोकियोत निधन झालं. वय होतं ८५. कोकुरात २०१२ साली सुरू झालेल्या मंगा संग्रहालयाचे ते मानद संचालक होते. ज्या गावात रुळांलगतच्या घरात दिवस काढले, त्याच गावाच्या स्टेशनाबाहेर आता त्यांच्या मानसपुत्राचा पुतळा उभा आहे.

हा चित्रपट घरी सगळ्यांनी मिळून पाहिला, तर घरातलं एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारेल, "हा चाचा आहे ना, मग चांगला कसा?" उत्तराची घाई करू नये. त्याऐवजी त्याला त्या वैमानिकाची गोष्ट सांगावी, ज्यानं विमान सोडून भाजी विकली. त्याच्या हाती कवटीचा झेंडा नव्हता, जहाज नव्हतं, त्याच्यावर कुणी चित्रपटही काढला नाही. पण घरात एक मुलगा होता आणि तो सगळं पाहत होता.